क्रॅनबेरीचे पेय आमटीत का चालत नाही?

टिळकवाडीकर यांचा प्रश्न:
पाहुण्यांनी क्रॅनबेरीच्या पेयाचे एक-एक लिटरचे दोन खोके आणून दिले आहेत, पण घरात ते आवडीने पिणारे कोणी नाही. फळ आंबट असते एवढे ऐकून मी परवा आमटीत आमसुलांऐवजी ते अर्धी वाटी घातले, तर आमटी गोडसर झाली आणि तिचा रंग विटकरी झाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्यांदा वाढूनही घेतली नाही. उरलेल्या पेयाचे काय करावे?

खानापूरकर:
ताई, दोष आमटीचा नाही. क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतील फळ इतके आंबट-तुरट असते की नुसता रस सहसा कोणाला पिववत नाही, म्हणून त्यात पाणी आणि साखर घालतात. तिकडे ‘कॉकटेल’ म्हणून मिळणाऱ्या नेहमीच्या बाटलीत रस साधारण २७ टक्केच असतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, तेव्हा पाण्याच्या पाठोपाठ साखर दिसली तर ते सरबतच समजावे. आमसूल म्हणजे कोकमाची वाळवलेली साल. तिची जागा सरबत कशी घेणार? आमटीला वेगळा आंबटपणा हवाच असेल, तर उन्हाळ्यात जांबोटीकडच्या रानातली कच्ची करवंदे आणावीत. (केकवरची लाल ‘चेरी’ पुष्कळदा रंगवून पाकवलेले करवंदच असते, हे जाता जाता.)

शहापूरची सून:
मी हे पेय आटवून वापरते. अर्धा लिटर पेय पसरट स्टीलच्या भांड्यात मध्यम आचेवर एक पंचमांश होईपर्यंत उकळावे. ॲल्युमिनियमचे भांडे नको, कारण आंबट पदार्थाला त्याची चव लागते. १०० मिलीला १२ ग्रॅम साखर असेल, तर अर्ध्या लिटरात ६० ग्रॅम साखर आधीच आहे, म्हणून वरून घालू नये. बराच वेळ काहीच होत नाही असे वाटते. मग बुडबुडे मोठे आणि संथ होतात, भांड्याच्या कडेला लाल रेघ चिकटू लागते, आणि तेव्हाच गॅस बंद करावा, कारण निवल्यावर पाक आणखी दाटतो. त्यात सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ब्याडगी मिरचीचे तिखट घातले की भेळेसाठी चिंच-गुळाच्या चटणीची उणीव भासत नाही.

निपाणीकर:
केकमध्ये घालणार असाल तर खाण्याचा सोडा जपून वापरावा. हा लाल रंग आंबटपणामुळे टिकतो आणि सोडा जास्त झाला की निळसर-राखाडी पडतो. गरम दुधात तर घालूच नये, दूध फाटते. घरात कोणाला रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना विचारूनच हे पेय द्यावे.

टिळकवाडीकर:
खोका आता चष्मा लावून वाचला: पाणी, साखर, आणि तिसऱ्या क्रमांकावर क्रॅनबेरी. एक खोका आजच आटवायला ठेवते. आमटीत मात्र आमसूलच.