'वहिवाट', 'पळवाट' आणि 'कार्यप्रवाह'

एका सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करायला घेतलंय. मुळात 'वर्कफ्लो' पानोपानी आहे. 'कार्यप्रवाह' हा तयार प्रतिशब्द लावून वाक्य केलं : 'ही प्रणाली तुमच्या कार्यप्रवाहाशी जुळवून घेते.' व्याकरणात खोट नाही, पण वाचून कुणाच्याही डोळ्यांपुढे स्वतःचं काम उभं राहत नाही. प्रवाह उतार मिळाला की आपसूक वाहतो. काम कुठे असं वाहतं? ते अडतं, तुंबतं, एका सहीपायी दोन दिवस पडून राहतं, मग कुणीतरी फोन करून ते पुढे ढकलतं.

माझ्या मनात 'वहिवाट' हा शब्द घोळतोय. माणसं रोज ज्या क्रमाने, ज्या आडवळणांनी काम उरकतात ती त्यांची वहिवाट. 'तुमच्या वहिवाटीने चालणारं सॉफ्टवेअर' कसं वाटतं? आणि 'वर्कअराउंड'ला, म्हणजे ठरलेला मार्ग अडला की लोक काढतात त्या आडमार्गाला, 'पळवाट' चालेल का?

प्रतिसाद १

'वहिवाट' म्हटलं की मला बांधावरची भांडणं आणि वकिलाची नोटीस आठवते. सरळ 'कामाची पद्धत' म्हणा की. कशाला एवढं खोल जायचं?

प्रतिसाद २

खोल जायला हरकत नाही, कारण हे सगळे शब्द एकाच अर्थाचे नाहीत.

'पद्धत' शिकवता येते, लिहून देता येते. 'शिरस्ता' फारसी 'सररिश्ता'वरून आला. शिरस्तेदार त्याच घरातला. त्यामुळे शिरस्त्याला कचेरीचा वास आहे, तो वरून खाली येतो. 'पायंडा' एका घटनेनेही पडतो आणि बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात येतो ('भलता पायंडा पडेल'). 'प्रघात' समाजाचा, त्याला कुणी एक मालक नसतो. वहिवाटीचं वेगळेपण असं की ती वापरानेच तयार होते. वहिवाटीचा रस्ता कुणी आखलेला नसतो, लोक वर्षानुवर्षं तिथून जातात म्हणून तो रस्ता. आणि असं चालत राहिल्याने चालणाऱ्याचा त्यावर हक्कही लागतो. व्युत्पत्ती काहीही असो, शब्द कानावर पडला की त्यात 'वाट' ऐकू येतेच.

फ्रेंच श्रमशास्त्रात हाच भेद फार आधीपासून मानतात : नेमून दिलेलं काम वेगळं, प्रत्यक्षात होणारं काम वेगळं. आपल्याकडे याचा सगळ्यात सोपा पुरावा 'नियमानुसार काम' आंदोलन. कर्मचारी संप करत नाहीत, फक्त नियमपुस्तिका अक्षरशः पाळायला लागतात आणि कारभार ठप्प होतो. म्हणजे एरवी तो पुस्तिकेबाहेरच्या कशावर तरी चालला होता. त्या कशाला तरी नाव हवं असेल तर 'वहिवाट' मला पटतो. सॉफ्टवेअर मात्र बहुधा पुस्तिका वाचून बनवतात.

प्रतिसाद ३

'पळवाट' अजिबात नको. पळवाट कायद्यातून काढतात, जबाबदारीतून काढतात. त्या शब्दात आरोप आधीच ठोकलेला आहे.

एक उदाहरण देते. अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देण्याआधी रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड स्कॅन करायची व्यवस्था आली. तिचा २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. परिचारिका ही व्यवस्था कशी चुकवतात याचे १५ प्रकार त्यात नोंदवले होते. रुग्णाच्या बारकोडची जादा प्रत ढकलगाडीवर, दाराच्या चौकटीवर, कमरेच्या कडीला लावून ठेवायची आणि तीच स्कॅन करायची. इथवर वाचलं की 'पळवाट'च म्हणावंसं वाटतं. पण त्याच अभ्यासात कारणंही ३१ दिली आहेत : पट्टीवरचा कोड वाचलाच जात नाही, पट्टीच नाही, स्कॅनर बिघडलेला, बॅटरी उतरलेली, वायरलेस जोडणी मध्येच गायब, औषधाच्या पाकिटावर कोडच नाही. समोर माणूस औषधाची वाट बघतोय. अशा वेळी ती बाई पळतेय कुठे? ती तर पोचायला बघतेय.

हे प्रकार धोक्याचे होते, हेही अभ्यासात स्पष्ट आहे. म्हणून त्यांना गौरवाचं नाव नको, 'जुगाड' तर मुळीच नको. 'वळसा' म्हणा. वळसा घातला म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, 'का? वाटेत काय होतं?' नेमका तोच प्रश्न सॉफ्टवेअर करणाऱ्याला पडायला हवा.

प्रतिसाद ४

जरा लांब लिहितोय, विषय जिव्हाळ्याचा आहे. काही वर्षं मी एका गोदामासाठी आवक-जावक नोंदीचं सॉफ्टवेअर करणाऱ्या गटात होतो. पडद्यावर आधी पुरवठादार, मग बिल क्रमांक, मग माल, मग नग. एकही रकाना रिकामा सोडला की 'जतन करा' दाबता यायचं नाही. आम्हाला याचा अभिमान होता, कारण अर्धवट माहिती आत शिरणारच नव्हती.

महिन्याभराने तिथे गेलो तर संगणकाशेजारी एक वही. गाडी आली की माल उतरतो, नग मोजले जातात, आणि बिल कधी चालकाच्या खिशात, कधी संध्याकाळी येणार. मोजणारा माणूस वहीत लिहायचा आणि दिवस संपताना एकटा बसून सगळं संगणकात चढवायचा. बिल आलंच नाही तर क्रमांकाच्या जागी चार शून्यं. आमच्या कडक पहाऱ्यातून रोज शून्यं आत जात होती.

त्या माणसाने एकच वाक्य ऐकवलं : 'साहेब, यात कच्चं लिहायची सोयच नाही.'

आता शब्दांकडे येतो. हिशेबाच्या मराठीत हा भेद पक्का रुजलेला आहे. 'रोजकीर्द' म्हणजे जे घडलं ते घडलं त्या क्रमाने. 'खतावणी' म्हणजे तेच नंतर खात्याखात्यांत लावलेलं. आमचा पडदा माणसाकडून थेट खतावणी मागत होता, आणि त्याचं काम रोजकीर्दीच्या क्रमाने घडत होतं. कच्चं-पक्कंही तसंच. कच्ची नोंद म्हणजे चुकीची नोंद असं कुणीच समजत नाही, ती अजून पिकायची असते एवढंच. आम्ही मात्र अपुरं आणि चुकीचं एकाच लाल रंगात रंगवलं होतं.

पुढे सचमनबाईंचं काम वाचनात आलं. ल्यूसी सचमन झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात होत्या. नवख्या माणसांच्या जोड्या मदत-सूचना देणारं कॉपियर कसं वापरतात, याचं त्यांनी चित्रण केलं. १९८७ साली ते पुस्तकरूपात आलं. माणसं आपसात बोलतात, गोंधळतात, अंदाज बांधतात, आणि यंत्राला यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त दाबलेलं बटण आणि उघडलेलं झाकण कळतं. वाचताना मला ती वहीच दिसत होती. आमच्या पडद्यालाही गाडी दिसत नव्हती, चालकाचा खिसा तर नाहीच नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

ठीक, 'पद्धत' मागे घेतो. पण वहिवाटीचे एवढे गोडवेही नकोत. एकच मजकूर तीन वह्यांत उतरवणं हीसुद्धा वहिवाटच असते. आहे ते काम जसंच्या तसं पडद्यावर चढवलं तर तिन्ही वह्या तिथेही येतील.

प्रतिसाद २ (पुन्हा)

खरं आहे. पण तिसरी वही का आहे हे लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय ती काढू नये. स्कँडिनेव्हियात १९८१ ते १९८५ या काळात 'युटोपिया' नावाचा प्रकल्प झाला. वृत्तपत्रांच्या छपाईतले कामगार आणि संगणकवाले एकत्र बसले, आणि यंत्र तयार होण्याआधीच पुठ्ठ्याच्या आणि लाकडी नमुन्यांवर काम 'करून' पाहिलं. वहिवाट बदलायला त्यांचीही ना नव्हती. बदलताना ज्यांची वहिवाट ती माणसं खोलीत होती, इतकंच.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सध्या असं ठरवतोय : आराखड्यात बाणांनी दाखवलेला तो 'कार्यप्रवाह', तिथे तो शब्द शोभतो. माणसं खरोखर करतात ती 'वहिवाट'. 'वर्कअराउंड'ला 'वळसा'. मूळ वाक्यातून मात्र नामच काढून टाकलं : 'तुमचं काम आज जसं चालतं, तसंच इथे चालेल.'

प्रतिसाद ४ (पुन्हा)

वाक्य छान, पण ते खरं आहे का हे सॉफ्टवेअर करणाऱ्यांना एकदा विचारून घ्या, नाहीतर शिव्या तुम्हाला बसतील. आणि पुस्तिकेत कुठे 'मसुदा जतन करा' असेल तर तिथे 'कच्चं ठेवा' करून बघा. मसुदा पत्राचा असतो, मोजलेल्या नगांचा नसतो.