मदत हवी आहे: खोली मिळाली, पण ताई रात्री तिथे थांबत नाहीत

आभा_के:
तातडीने सल्ला हवाय. आमच्या निवाऱ्यातल्या एका ताईंना खोली मिळून तीन आठवडे झाले. दिवसभर तिथे असतात, अंधार पडला की परत निवाऱ्याच्या दारात. खोलीत राहिल्याच तर पिशवी भरलेली, पायात चपला, आणि दाराला पाठ लावून बसल्या बसल्या डुलकी. पलंगावर मी घातलेली चादर अजून चुरगळलेलीसुद्धा नाही. वरिष्ठ म्हणतात, आठवडाभर बघू, नाहीतर खोली दुसरीला देऊ. काय करू?

सागरगोटा:
वय? मुलं आहेत का? करार कोणाच्या नावावर? काहीच माहीत नसताना काय सांगणार?

आभा_के:
पन्नाशीच्या आहेत, मुलं नाहीत. करार संस्थेच्या नावावर. आधी दोन वर्षं रस्त्यावर होत्या, त्यामागचं बोलत नाहीत. बाकी सगळं ठीक आहे.

खंबीर:
आधी काम, मग घर. स्वतःच्या कमाईचं भाडं भरलं की माणूस टिकतो. माझा दहा वर्षांचा अनुभव आहे.

मृगजळ:
खंबीर, हे उलटं आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ला 'हाउसिंग फर्स्ट' सुरू झालं ते याच समजुतीविरुद्ध. आधी बिनशर्त घर, मग लागेल ती मदत. फिनलंडने २००८पासून ते राष्ट्रीय धोरण केलं. कॅनडात पाच शहरांत सुमारे २००० लोकांवर तुलना झाली, तिथेही आधी घर मिळालेले जास्त काळ घरात राहिले.

खंबीर:
तिथे भाड्याला सरकारचा हातभार असतो. इथे एक खोली आणि बाहेर रांग.

मृगजळ:
रांग आहे म्हणून हिला बाहेर काढायचं? मग तीच उद्या रांगेत उभी राहील.

वाळवण:
ओळखपत्रावरचा पत्ता लगेच बदलून घ्या, नंतर फार खेटे पडतात.

निशिगंध_७:
आभा, दाराला आतून कडी आहे का? किल्ल्या कोणाकोणाकडे?

आभा_के:
कडी नाही, नुसतं लॅच. एक किल्ली त्यांच्याकडे, एक ऑफिसात, एक घरमालकाकडे. त्याचा काय संबंध?

निशिगंध_७:
तोच संबंध आहे. जे दार बाहेरून कोणीही उघडू शकतं, त्याला पाठ लावूनच बसणार ना? रस्त्यावर बाई रात्री जागते आणि दिवसा गर्दीत झोपते, कारण गर्दीत धोका कमी. मी मारहाणीच्या घरातून निघाले तेव्हा सहा महिने दाराला खुर्ची टेकवून झोपत होते. त्यांना विचारून कडी बसवा. न कळवता खोलीवर जाऊ नका. आणि निवारा एकदम तोडू नका, तिथे त्यांची माणसं आहेत. 'क्रिटिकल टाइम इंटरव्हेन्शन' नावाची पद्धत आहे, नऊ महिन्यांची. सुरुवातीला सोबत भरपूर, पुढे हळूहळू कमी. तीन आठवडे म्हणजे काहीच नाही.

खंबीर:
आतून कडी लावून आजारी पडल्या तर?

निशिगंध_७:
तर शेजारी हाक मारायला कोण आहे, ते आधी जुळवा. कडी काढणं हा उपाय नाही.

आभा_के:
आज विचारलं, "ताई, आतून कडी लावून देऊ का?" तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघून काही मागितलं. म्हणाल्या, "दोन लावशील?" उद्या सुतार येतोय. वरिष्ठांकडे किती मुदत मागू?

मृगजळ:
नऊ महिने मागा, लेखी.

वाळवण:
चौकट जुनी असेल तर लांब स्क्रू घ्या, छोटे निसटतात.