लाल छत्रीला काय म्हणावे : जादुई, मादक की भ्रमजनक?

प्रश्न : रशियन लोककथांचा मराठी अनुवाद तपासते आहे. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी वारंवार येते. मूळ शब्द 'मुखोमोर', अनुवादात 'जादुई अळंबी'. चालेल का?

– नको. 'मॅजिक मशरूम' म्हणतात ती सायलोसिबिन हे भ्रम घडवणारं द्रव्य असलेली, दिसायला बहुधा तपकिरी, किरकोळ. तिच्या एका मेक्सिकन जातीतून स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमनने १९५८ साली सायलोसिबिन वेगळं काढलं. तुमची लाल छत्री म्हणजे अमानिटा मस्कारिया. तिच्यात आयबोटेनिक आम्ल आणि मस्सिमॉल असतं, सायलोसिबिन नाही. मुखोमोर म्हणजे माशा मारणारी. युरोपात तिचे तुकडे दुधात टाकून माशांसाठी ठेवत. सरळ 'माशीमार अळंबी' करा.

– पण कथेत ती खाऊन माणूस बरळतो. 'भ्रामक अळंबी' कशी वाटते?

– भ्रामक असते ती जाहिरात! 'मादक'ही नको, त्याला दारूचा वास येतो. आधी मळमळ, मग गुंगी, पाय लटपटणं, मधेच चेव, समोरची वस्तू आहे त्याहून मोठी किंवा लहान दिसणं, शेवटी गाढ झोप. याला शास्त्रीय लेखात 'भ्रमजनक' म्हणावं. लोककथेत मात्र तो शब्द पाठ्यपुस्तकातून आल्यासारखा वाटेल.

– 'भूलछत्र' करा की! भूछत्र आहेच, भूल पडणंही आपलंच.

– वा! मी तरी हाच घेईन. फक्त तळटीप द्या, नाहीतर कुणी पावसाळ्यात सह्याद्रीत शोधत फिरेल. हिचं जगणं भूर्ज, पाइन अशा झाडांच्या मुळांशी बांधलेलं; वारुळावरच्या आपल्या अळंबीशी हिचा संबंध नाही.

– अमेरिकेतले गॉर्डन वासन याच अळंबीला वेदांतला सोम म्हणायचे ना?

– हो, १९६८ साली. पेशाने बँकेतले, छंद अळंब्यांचा. वेदाभ्यासकांना ते फारसं पटलं नाही. मलाही नाही, पण तो वेगळा धागा.

– तळटीपेत ओळख लिहिताना 'पांढरे ठिपके' एवढ्यावर थांबू नका. ते ठिपके म्हणजे कोवळेपणीच्या वेष्टनाचे तुकडे, जोराच्या पावसात धुऊन जातात. मग ती खाण्याजोग्या सीझर अळंबीसारखी दिसते. सीझरचे टोपीखालचे पडदे आणि देठ पिवळे, हिचे पांढरे. याच कुळातल्या 'डेथ कॅप'ने तर यकृत जातं, आणि त्रास सुरू व्हायलाच सहा-बारा तास लागतात. म्हणून तळटीपेत 'विषारी' हा शब्द हवाच, भूलछत्र कितीही गोड वाटलं तरी.