अवलंबित्व आत वळतं की लोंबतं?

गंगापूररोडकर: नव्या पोरांसाठी क्लीन आर्किटेक्चरची, म्हणजे सॉफ्टवेअर थराथरांत मांडायच्या पद्धतीची, टिपणं मराठीत लिहितोय. बाहेरच्या थराने आतल्याला ओळखावं, आतल्याने बाहेरच्याला नाही, हे 'अवलंबित्व (डिपेंडन्सी) आतल्या दिशेने' असं लिहिलं. टीममधली मुलगी म्हणाली, "दादा, हे पेन्शनच्या फॉर्मसारखं वाटतंय." दुसरा शब्द सुचवा.

भद्रकालीकर: बरोबर म्हणाली. अवलंबमध्ये 'लंब्' धातू, म्हणजे लोंबणं. लोंबणारी वस्तू खाली जाईल, आत कशी? 'आश्रित' घ्या.

सातपूरवाला: आश्रित म्हणजे वाड्याच्या ओसरीवर पडून असलेला लांबचा मामा! आम्ही दिवसभर 'डिपेंडन्सी इंजेक्ट कर' (लागणारा भाग बाहेरून दे) म्हणतो, कुणाचं मराठीपण बुडालं नाही.

निफाडकर: मला 'थर'च खटकला. थर दहीहंडीचे, एकावर एक. इथे एकात एक वर्तुळं. क्लीन आर्किटेक्चर मांडणाऱ्या रॉबर्ट मार्टिनची वर्तुळं 2012ची, त्याआधी 2008 साली जेफ्री पालेर्मोने अशाच रचनेला सरळ कांदा म्हटलं. आमच्या कांद्याला पत्ती असते. 'डबल पत्ती' ऐकलं नाही का?

भद्रकालीकर: पत्ती झाडाची. कांद्याचा पापुद्रा. पापड 'पर्पट'वरून आला, पापुद्राही तिथलाच असणार.

निफाडकर: असणार! लासलगावच्या लिलावात पापुद्रा म्हणा, कोण वळून बघतं ते कळेल. आणि कांद्याची पत्ती हा पानाचाच फुगलेला बुडखा असतो.

पंचवटीकर: पत्ती म्हणा नाहीतर पापुद्रा, आधी किती हव्यात ते ठरवा. आम्ही कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर केलं. 'वाहन क्रमांक' हा एक रकाना वाढवायला सात फायली उघडल्या, सहांत तेच नाव इकडून तिकडे. वैतागून नुसत्या याद्यांपुरते थर काढून टाकले, विनंती घेणाऱ्या कंट्रोलरमधून थेट डेटाबेसला क्वेरी. हमाली-तोलाईचं गणित मात्र आतच ठेवलं. त्याला डेटाबेस माहीतच नाही, त्यामुळे टेस्ट क्षणात पळतात. एसएमएसवाला बदलला तेव्हाही एकच फाईल बदलली, कारण तिथे इंटरफेस (काय हवं एवढंच सांगणारा करार) होता.

सातपूरवाला: याला म्हणतात प्रॅगमॅटिक!

भद्रकालीकर: 'व्यवहार्य' म्हणा.

निफाडकर: व्यवहार्य म्हणजे करता येण्याजोगं. हे झालं व्यवहारी.

भद्रकालीकर: 'फार व्यवहारी आहे हो' हे आमच्याकडे कौतुकाने म्हणत नाहीत.

पंचवटीकर: तारतम्य म्हणा की.

भद्रकालीकर: वा! 'तर' आणि 'तम' हे तुलनेचे प्रत्यय, त्यावरून...

गंगापूररोडकर: अहो, माझी डिपेंडन्सी? उद्या सकाळी टिपणं द्यायचीत.