मदत हवी आहे: कांशाच्या थाळीतून व्हायोलिनच्या गजाने खालचा सूर कसा काढावा?

नागपुरात नाटक बसवतोय. एका प्रसंगाला लांब, थरथरता सूर हवाय. प्रयोगातच वाजवायचा, रेकॉर्डिंग नको. इतवारीतून कांशाची जाड थाळी आणली, मधोमध भोक पाडून स्टँडवर आडवी बसवली आणि काठावर व्हायोलिनचा गज उभा ओढतो. गजाला राळ भरपूर लावली, दाब आणि वेग बदलून पाहिले. काठाला दुसरीकडे बोट टेकवलं की वरचे सूर सुटे होतात, फार सुंदर! पण खालचा भरदार सूर धरतच नाही, नुसती किंकाळी येते. झांजेवर हाच गज नीट चालतो. पुढे अमेरिकी संगीतकार जॉन केज यांच्या पद्धतीने थाळी वाजती असतानाच पाण्यात उतरवून सूर खाली आणायचाय, म्हणून धातूचीच हवी. पितळी परात नको, तिचा नाद लगेच विरतो. काठ कानशीने पातळ केला तर खालचा सूर धरेल, की चेलोचा (व्हायोलिनसारख्याच पण मोठ्या वाद्याचा) रुंद गजच लागेल?