फ्रँकेन्स्टाइनच्या नाटकात तो प्राणी मुका का?

प्रश्न: मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीत शास्त्रज्ञाने बनवलेला तो प्राणी किती सुंदर बोलतो, स्वतःची बाजू मांडतो, मग १८२३ च्या लंडनमधल्या नाटकात त्याला एकही वाक्य का नाही? फार वाईट वाटलं वाचताना.

उत्तर: अगं पण त्या प्राण्याची भूमिका करणारा नट टी. पी. कुक नुसत्या हावभावांवर ते काम करायचा आणि मेरी शेलीने स्वतः प्रयोग पाहिला तर तिलाही आवडलं. जाहिरातीत पात्राच्या नावाच्या जागी फक्त रेघा होत्या, बनवणाऱ्यानेच नाव दिलं नाही ना!

दुसरं उत्तर: मला नाही पटत. बोलणं काढलं की ‘मला का बनवलंस’ हा सवालच जातो, उरते फक्त शास्त्रज्ञाच्या घमेंडीची शिक्षा. संगीत ऐकून तो भारावतो तो सीन मात्र काळजाला भिडतो.

प्रश्नकर्ती: संगीताचं लक्षातच नव्हतं आलं, परत वाचते.