‘आधी बीज एकले’ गाथेत सापडत नाही. कोणाचं आहे?

पेटीमास्तर, दर्यापूर
राम राम मंडळी. औंदा तुकाराम बीजेला देवळासमोर पडदा बांधून प्रभातचा ‘संत तुकाराम’ दाखवायचं गावानं ठरवलं आहे. भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. ‘आधी बीज एकले’ आमच्याकडे मृगाच्या आधीच्या भजनात होतेच होते. ते गाथेत धुंडाळलं, पण मिळालं नाही. आणखी एक. मंडळातली पोरं म्हणतात, सिनेमातली चाल सपक आहे, हरकती-ताना घालून घेऊ. मला ते पटत नाही, पण त्यांना काय सांगावं ते सुचत नाही. आणि इतका जुना, काळा-पांढरा सिनेमा पोट्टे बसून पाहतील का?

ग्रंथपाल, अचलपूर
ते पद शांताराम आठवले यांचं आहे, सिनेमासाठीच लिहिलेलं. म्हणून गाथेत नाही. बाकी बरेच अभंग तुकोबांचेच आहेत.

यात्रेतला ऑपरेटर
पेटीमास्तर भाऊ, मी तरणा असताना बहिरमच्या यात्रेत टुरिंग टॉकीजच्या तंबूत मशीन चालवायचो. हा सिनेमा किती वेळा लावला याचा हिशेब नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चालीचं उत्तर सिनेमातच आहे. सिनेमातला तुकोबांचा वैरी सालोमालो त्यांचे अभंग आपलेच म्हणून खपवतो आणि ते नाटकी ढंगात, गळा फिरवून गातो. तेच शब्द तुकोबांच्या तोंडी येतात तेव्हा साधे, बोलल्यासारखे येतात. संगीत केशवराव भोळ्यांचं. त्यांचा जन्म आपल्या अमरावतीचा, १८९६ चा, हे पोरांना आवर्जून सांगा. रागदारी त्यांना चांगली ठाऊक होती. तरी तुकोबांच्या गळ्यात त्यांनी टाळ-वीणेचं भजन ठेवलं आणि ताना सालोमालोला दिल्या. आता पोरांनाच विचारा, आपण कोणासारखं गायचं?

विष्णुपंत पागनीस मूळचे नाटकातले, स्त्रीभूमिका करणारे नट. पण इथे ते नाटकासारखं गात नाहीत. डोळे मिटून गातात तेव्हा समोर कॅमेरा आहे हे त्यांच्या गावीही नसतं. माझ्या मते सगळा सिनेमा त्या एका गोष्टीवर उभा आहे.

दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दामलेमामा आणि साहेबमामा. दोघेही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले. १९२९ मध्ये प्रभात काढणाऱ्या पाच जणांतले हे दोन, १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. दामले ध्वनिमुद्रण सांभाळायचे, फत्तेलाल नेपथ्य. म्हणजे एकाचा कान आणि एकाचा डोळा. देहूचं घर, अंगण, गोठा बघा, कुठेच रंगवलेला पडदा वाटत नाही. विठोबाचा सिनेमा एका मुसलमान कलावंतानं इतक्या मायेनं उभा केला, हेही गावात सांगा, सांगितलंच पाहिजे. मुंबईत तो एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

मोर्शीकरीण
काकाजी, जिजाईबद्दल काहीच नाही लिहिलं तुम्ही!

यात्रेतला ऑपरेटर
खरं आहे ताई, तिच्यासाठी वेगळंच लिहायला पाहिजे. गौरीबाईंनी केलेली जिजाई, म्हणजे तुकोबांची बायको आवली, मला पागनीसांइतकीच मोठी वाटते. प्रभातमध्ये बारीकसारीक कामं करत त्या पुढे आल्या. लेकरू आजारी पडतं, तेव्हा ती हातात चप्पल घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला देवळात जाते. तंबूत बायकांच्या बाजूनं त्या वेळी आवाज यायचा, “बराबर केलं वं माय!” मशीनच्या खडखडाटातही मला तो ऐकू यायचा. नवरा भजनात रमलेला आणि कोठीत दाणा नाही, हे त्या बायांना कोणी समजावून सांगायला नको होतं. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही ती सोबत जात नाही. लेकरांचं कोण बघणार?

पेटीमास्तर, पोट्टे बसतील का, याचं उत्तर तिच्यातच आहे. पहिली दहा मिनिटं चुळबूळ करतील. जिजाई तोंड सोडते तिथून बसतात.

पेटीमास्तर, दर्यापूर
सालोमालोची गोष्ट आज रात्रीच्या भजनात सांगतो. पद मात्र गाणार, आठवल्यांचं नाव घेऊन गाणार. पेरणीच्या तोंडावर तेवढं नेमकं दुसरं पद आमच्याकडे नाही. आवाजाचं काय करू? गावातला पोऱ्या लग्नाचा डीजे फुकट द्यायला तयार आहे.

यात्रेतला ऑपरेटर
डीजे नको, भाऊ. जुन्या रेकॉर्डिंगला मोठ्या पेट्यांत नुसती घरघर येते आणि शब्द बुडतात. कीर्तनाला लावता तेच भोंगे किंवा साधे दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही अंगाला ठेवा. खर्ज कमी करा. आदल्या दिवशी दिवे लागल्यावर एक गाणं लावून मागच्या रांगेत जाऊन बसा. तिथे ‘बीज अंकुरले’ स्पष्ट कळलं, की झालं. आणि बायकांची बसायची जागा पुढे ठेवा.